माणूस चेडरला, सामान स्टार कारला

ब्रिस्टलला दादाकडे जायचं ठरलं तेव्हा वहिनीने फोनवर विचारलं, "बाबांना काय काय बघायचंय?" बाबांनी दोनच नावं सांगितली. चेडर आणि स्टार कार. पहिलं वहिनीला चीजमुळे माहीत होतं. दुसरं, म्हणजे यॉर्कशायरमधली अश्मयुगीन वस्तीची जागा, तिने दोनदा विचारून लिहून घेतलं.

बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. १९७२ ते ७४ अशी दोन वर्षं ते डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकले. ह. धी. सांकलिया सरांच्या निवृत्तीचा तो काळ. पुढे घरच्या अडचणींमुळे पीएचडी राहिली आणि बाबा बँकेत चिकटले. पण त्या दोन वर्षांची एक वही त्यांनी जपून ठेवली आहे. तिच्यात पेन्सिलीने काढलेली सूक्ष्मास्त्रांची, म्हणजे दगडाच्या चिमुकल्या हत्यारांची, चित्रं आहेत: अर्धचंद्र, त्रिकोण, नखाएवढी पाती. शेवटच्या पानावर इंग्लंडचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर दोन ठिपके. त्या ठिपक्यांवर जाऊन यायला बाबांना पन्नास वर्षं लागली. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं जाऊन आलो. मध्याश्मयुग, म्हणजे हिमयुग ओसरल्यावर आणि शेती येण्याआधी शिकार, मासेमारी आणि रानमेव्यावर जगणाऱ्या माणसांचा काळ, हा ज्यांच्या आवडीचा विषय आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

दिवस पहिला: लंडन

विमानतळावरून हॉटेल, हॉटेलवर पोहे (वहिनीने लंडनला पाठवलेल्या डब्यातले), आणि अकराच्या सुमारास नॅचरल हिस्टरी म्युझियम. सगळी गर्दी डायनासोरकडे वळते. आम्ही मानवी उत्क्रांतीच्या दालनाकडे वळलो, तिथे निवांत होतं.

चेडर मॅनचा सांगाडा तिथे काचेमागे आहे. तपकिरी पडलेली हाडं, मध्यम उंची, विशीतला तरुण. साधारण दहा हजार वर्षांपूर्वीचा. ब्रिटनमध्ये मिळालेला हा सर्वांत जुना जवळजवळ पूर्ण सांगाडा. बाबा काचेपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "दात बघ किती चांगले आहेत."

या तरुणाची जगभर चर्चा झाली ती २०१८ साली. म्युझियमच्या आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी त्याच्या कवटीतून डीएनए काढला. आतल्या कानाभोवती हाडाचा एक दगडासारखा घट्ट भाग असतो. शरीरातलं हे सगळ्यांत दाट हाड, म्हणून डीएनए तिथे सगळ्यांत जास्त टिकतो. तिथे दोन मिलिमीटरचं भोक पाडून भुकटी घेतली. निष्कर्ष निघाला तो असा: केस काळे, डोळे निळसर आणि कातडी गडद काळी-सावळी असण्याची शक्यता सर्वांत जास्त. जनुकांवरून बांधलेला हा अंदाज आहे, नेमकी छटा सांगता येत नाही, हे संशोधकांनीही सांगितलं होतं. पण स्पेनमधला ला ब्रान्याचा आणि लक्झेंबर्गमधला लोशबूरचा माणूस हेही याच कुळातले, आणि तेही गोरे नव्हते. युरोपात गोरेपणा रुजला तो बराच उशिरा, आणि त्यात पुढे आलेल्या शेतकऱ्यांचा वाटा मोठा.

मी सावळी आहे. लहानपणी आत्याकडे गेलं की डाळीचं पीठ आणि साय लावून बसवायचे मला. त्या काचेसमोर ते सगळं आठवलं. शेजारी एक आजी नातवाला सांगत होती की हा आपला पूर्वज. नातू म्हणाला, "मग तो माझ्यासारखा का नव्हता?" आजीने शांतपणे उत्तर दिलं, "तू त्याच्यासारखा नाहीस, एवढंच."

संध्याकाळी पाऊस आला. साऊथ केन्सिंग्टन स्टेशनच्या बोगद्यात एक जण व्हायोलिन वाजवत होता, बाबांनी थांबून पूर्ण ऐकलं.

*उपयोगी:* म्युझियमला तिकीट नाही, पण वेळ आधी ऑनलाइन ठरवून ठेवा, रांग वाचते. शाळांच्या सुट्टीचा आठवडा टाळता आला तर उत्तम.

दिवस दुसरा: चेडर

सकाळच्या गाडीने ब्रिस्टल. दादा स्टेशनवर आला होता, तिथूनच थेट चेडरला निघालो. तीसेक किलोमीटर रस्ता, दोन्ही बाजूंना हॉथॉर्नची पांढरी फुलं लगडलेली कुंपणं. मग अचानक चुनखडीचे कडे उभे राहतात आणि रस्ता घळीत शिरतो. आपल्या ताम्हिणीची आठवण येते, फक्त दगड काळा नाही, राखाडी-पांढरा.

गफ्स केव्ह ही मोठी गुहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड गफने ती माती उपसून लोकांना पाहण्यासाठी उघडली. १९०३ साली पाण्याचा निचरा करण्यासाठी खणताना तोंडाजवळच चेडर मॅन सापडला. आता तिथे त्याची प्रतिकृती आहे. आत पाऊल टाकताच गारवा अंगावर येतो, वर्षभर अकरा-बारा अंशांच्या आसपास. बाबांनी मफलर गुंडाळला आणि म्हणाले, "बघ, हे त्याचं शीतकपाट. म्हणून डीएनए राहिला."

गुहेत पहारा करणाऱ्या बाईंना बाबांनी विचारलं, "त्याच्यासोबत काय मिळालं? हत्यारं? मणी?" त्या म्हणाल्या, त्याच्या म्हणून ठामपणे दाखवाव्यात अशा वस्तू फारशा नाहीत. गुहेत चकमकीच्या दगडाची हत्यारं भरपूर मिळाली, पण ती बहुतेक त्याच्या चार-पाच हजार वर्षं आधीची, हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली. ती घोडे मारून खाणारी माणसं. त्यांच्या हाडांवर माणसांनीच मांस सोलल्याच्या खुणा आहेत आणि कवट्या घडवून त्यांचे पेले केलेले आहेत. त्यांचा आणि चेडर मॅनचा वंशही वेगळा, हे २०२२ च्या डीएनए अभ्यासात दिसलं. एकाच गुहेत दोन वेगवेगळी माणसं राहून गेली, एकमेकांना कधीही न भेटता.

बाई गावच्याच. बाबांचा रस पाहून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९९७ साली ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी चेडर मॅनच्या दातातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए गावातल्या लोकांशी पडताळून पाहिला. हा डीएनए फक्त आईकडून मुलांकडे जातो. जुळला तो गावातल्याच शाळेतल्या एका इतिहास शिक्षकाशी. दोघंही यू-५ या गटातले. त्या काळी वर्तमानपत्रांनी 'नऊ हजार वर्षांचा वंशज' असं छापलं. बाबांनी बाईंना नम्रपणे सांगितलं की आईकडची एक समान पणजी, एवढाच त्याचा अर्थ, थेट वंशज म्हणता येत नाही. यू-५ युरोपात आजही बऱ्याच जणांत असतो. बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. पण ते सर शाळेत मुलांना हे शिकवायचे, मुलं किती कान देऊन ऐकायची ते तुम्ही बघायला हवं होतं." बाबांना हे फार आवडलं. रात्री त्यांनी ते वहिनीला पुन्हा सांगितलं.

याच गुहेत आज चीज पिकायला ठेवतात. कापडात गुंडाळलेल्या गोल चकत्या फळ्यांवर मांडलेल्या. चेडर मॅनला मोठेपणी दूध पचत नसे, हेही त्याच्या जनुकांतून कळलंय. दुधाची जनावरं या बेटावर आली ती सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी, शेतकऱ्यांबरोबर. ते शेतकरी मूळचे तुर्कस्तान आणि एजियन समुद्राच्या बाजूचे. पिढ्यानपिढ्या सरकत आले आणि शिकाऱ्यांचं रक्त त्यांच्यात फार थोडं मिसळलं. आजच्या ब्रिटिश माणसात त्या शिकारी कुळाचा वाटा साधारण दहा टक्के सांगतात.

बाहेरच्या दुकानात आम्ही गुहेत पिकलेल्या चीजचा तुकडा घेतला आणि वहिनीच्या थालीपिठाबरोबर खाल्ला. उग्र, खारट, शेवटी जिभेवर शेंगदाण्यासारखं काहीतरी. बाबांनी दुसरा तुकडाही मागून घेतला.

*उपयोगी:* चेडरला रेल्वे नाही. बस आहे, पण वेळ पाहूनच निघा. गाडी असेल तर सगळ्यात सोपं. घळीच्या वर चढणाऱ्या २७४ पायऱ्या गुडघेदुखी असलेल्यांनी सोडून द्याव्यात. आतला गारवा मे महिन्यातही बोचतो, ज्येष्ठांसाठी स्वेटर हवाच.

दिवस तिसरा: बरिंग्टन कूम

दादाला ऑफिस. वहिनीने आम्हाला गाडीने सोडलं आणि स्वतःही थांबली. चेडरहून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ही दुसरी, लहान घळ. पाऊस रिपरिपत होता. रस्त्याच्या कडेला झाडांखाली रानलसणीचा गालिचा पसरलेला, पांढऱ्या फुलांचा, आणि ओल्या हवेत लसणाच्या फोडणीचा वास. वहिनीने चार पानं तोडून पिशवीत टाकली, रात्री त्यांची चटणी झाली.

ॲव्हलाइन्स होल ही गुहा रस्त्याला लागूनच आहे. तोंड मोठं, उताराने आत जाणारी. १७९७ साली सशाचा पाठलाग करताना ती सापडली असं सांगतात. आत माणसांचे सांगाडे ओळीने पडलेले होते, पन्नासच्या आसपास, कदाचित जास्त. बहुतेक हाडं त्याच काळात गायब झाली. पुढे ब्रिस्टल विद्यापीठाच्या गुहाशोधक मंडळाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उरलेलं काळजीपूर्वक खणून काढलं. ही ब्रिटनची सर्वांत जुनी स्मशानभूमी ठरली, सुमारे १०,२०० ते १०,४०० वर्षांपूर्वीची. दोन-तीन पिढ्या, फार तर सहा-सात, माणसं आपली मेलेली माणसं इथे आणून ठेवत होती.

मग नोव्हेंबर १९४० मध्ये ब्रिस्टलवर बॉम्ब पडले आणि मंडळाचं संग्रहालय जळालं. खोदकामाच्या नोंदी, नकाशे, हाडांचा मोठा भाग, सगळं गेलं. आज हातात आहेत ते एकवीसेक माणसांचे अवशेष.

बाबा गुहेच्या तोंडाशी एका दगडावर बसले. "दहा हजार वर्षं राहिलं," ते म्हणाले, "आणि एका रात्रीत." मग ते लांघणजबद्दल बोलायला लागले. गुजरातमधल्या लांघणजला सांकलिया सरांनी १९४१ पासून खोदकाम केलं, इरावती कर्वे तिथल्या सांगाड्यांच्या अभ्यासाला होत्या. वाळूच्या टेकाडात पाय दुमडून पुरलेली माणसं, सोबत सूक्ष्मास्त्रं आणि गेंड्याच्या खांद्याचं हाड. आज कोरड्या वाटणाऱ्या मुलखात तेव्हा गेंडे होते. "आमच्याकडे माणूसही मिळाला आणि सामानही," बाबा म्हणाले, "पण उष्णतेने डीएनए खाल्ला." राखीगढीचं उदाहरण त्यांनी दिलं. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने साठेक नमुने तपासले तेव्हा एका बाईच्या हाडात पुरेसा डीएनए मिळाला. तो अभ्यास २०१९ साली आला. तीही हडप्पा काळातली, म्हणजे मध्याश्मयुगाच्या कितीतरी नंतरची. पण तिच्यात दक्षिण आशियाच्या जुन्या शिकाऱ्यांचा अंश होता, जो आज कमी-अधिक आपल्या सगळ्यांत आहे. लांघणजच्या माणसाचा चेहरा आपल्याला कधी बघायला मिळेल का, हा प्रश्न बाबांनी असा विचारला की वहिनी आणि मी दोघीही गप्प झालो.

परत निघताना मोबाइलला रेंज नव्हती आणि पाऊस वाढला. तासभर गाडीत बसून भाकरवडी खाल्ली.

दिवस चौथा: यॉर्क

ब्रिस्टल ते यॉर्क थेट गाडी आहे, चार तासांहून जरा जास्त. आमची एक गाडी रद्द झाली, पुढची मिळाली, एवढंच.

यॉर्कशायर म्युझियम जुन्या मठाच्या पडक्या कमानींच्या बागेत आहे. आम्ही इथे आलो ते शिंगांच्या मुकुटासाठी. स्टार कारला ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते ५१ मध्ये खणलं तेव्हा असे २१ मुकुट मिळाले. तांबड्या हरणाच्या कवटीचा वरचा भाग शिंगांसकट काढलेला. शिंगं आतून पोखरून हलकी केलेली, कवटीची आतली बाजू घासून गुळगुळीत, आणि दोन भोकं, वादी ओवायला. हरणाचं डोकं ओल्या मातीत लिंपून निखाऱ्यावर ठेवलं की कातडी सहज निघते, असं संशोधकांनी प्रत्यक्ष करून पाहिलं आहे. हे शिकारीत हरणांना फसवायला की नाचात, देवकार्यात, यावर वाद आहे. मला ते बघताना बस्तरच्या माडियांच्या लग्नातल्या नाचातली गव्याची शिंगं आठवली. बाबांनी लगेच सावध केलं. "तुलना कर, पण आजच्या माणसांना अश्मयुगात ढकलू नकोस. तेही तुझ्याइतकेच आजचे आहेत."

दुसरी वस्तू २०१५ साली मिळालेलं शेल दगडाचं लटकन. जेमतेम तीन सेंटिमीटर, त्यावर नखाने ओढाव्यात इतक्या बारीक रेघा. झाडाचं पान, की नकाशा, की दिवसांची मोजणी? कुणी सांगावं. बाबांनी वही काढून रेघा उतरवायचा प्रयत्न केला. म्युझियमच्या एका स्वयंसेवक आजोबांनी ते पाहिलं, न सांगता खुर्ची आणून दिली आणि मग स्वतःही शेजारी उभे राहिले. दोघांची इंग्रजी उच्चारांची गाठ पडेना, पण वहीतल्या सूक्ष्मास्त्रांच्या चित्रांवर बोट ठेवून अर्धा तास गप्पा चालल्या. आजोबांना नवल वाटलं की हीच त्रिकोणी पाती पुण्यातही मिळतात. बाबांनी सांगितलं, फक्त दगड वेगळा. तुमच्याकडे चकमक, आमच्याकडे अकीक आणि गारगोटी.

स्टार कारला भूर्जाच्या सालीच्या गुंडाळ्याही मिळाल्यात. त्या सालीपासून डांबरासारखा डिंक करत आणि पाती बाणाला चिकटवत. हा डिंक माणसं चघळतही. डेन्मार्कच्या लोलंड बेटावर सिल्थोम इथे ५,७०० वर्षांपूर्वी चघळून टाकलेला असाच तुकडा मिळाला आणि २०१९ साली त्यातून एका मुलीचा किंवा बाईचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. गडद कातडी, काळे केस, निळे डोळे. तिने खाल्लेलं बदक आणि हेझलनटसुद्धा त्यात सापडलं. हाड नाही, कबर नाही, थुंकलेला डिंक.

जेवताना बाबा म्हणाले, "चेडरला माणूस आहे, त्याचं सामान नाही. स्टार कारला सगळं सामान आहे, माणूस नाही. एकही मानवी हाड नाही तिथे." मधल्या काळात हजारेक वर्षांचं अंतर आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मनात त्यांनी तो मुकुट त्या विशीतल्या तरुणाच्या डोक्यावर ठेवून पाहिलाच असणार. मीही ठेवला.

*उपयोगी:* मांडणी बदलत असते, त्यामुळे मुकुट प्रदर्शनात आहे का ते आधी विचारा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही एक आहे.

दिवस पाचवा: स्टार कार आणि स्कारबरो

यॉर्कहून स्कारबरोच्या गाडीने सीमर स्टेशन, तिथून टॅक्सी. चालक तिथलाच, त्याने विचारलं, "तिथे काही नाही, नक्की जायचंय ना?"

खरंच काही नाही. सपाट कुरण, एक सरळ केलेला ओढा, दूर गाई, वर मोठं आभाळ. खाजगी शेतजमीन आहे, त्यामुळे आम्ही कडेच्या रस्त्यावरूनच पाहिलं, आत गेलो नाही. तुम्हीही जाऊ नका. अकरा हजार वर्षांपूर्वी इथे तळं होतं, अभ्यासक त्याला लेक फ्लिक्स्टन म्हणतात. काठाला वेत-बोरू, मागे भूर्ज. इ.स.पू. ९३०० ते ८५०० अशी आठशे वर्षं माणसं इथे येत राहिली. तळं गाळाने भरत गेलं, वनस्पतींचा ओला थर साचला आणि त्या बिनहवेच्या काळ्या पीटमध्ये लाकूड, शिंग, साल, सगळं टिकून राहिलं. १९० हून जास्त काटेरी शिंगाची भाल्याची टोकं. वल्ह्यासारखं लाकूड. काठावर लाकडी फळ्या टाकून केलेली वाट, युरोपातलं सर्वांत जुनं सुतारकाम. कुत्र्याची कवटी. आणि २००८ मध्ये मिळालेल्या साडेतीन मीटर रुंदीच्या गोल घराच्या खांबांच्या खुणा, ब्रिटनमधलं सगळ्यात जुनं घर. शिकारी म्हणजे सतत भटके, घरदार नसलेले, ही जुनी समजूत त्या खुणांनी मोडली.

मग पीट वाळायला लागला. शेतीसाठी पाण्याची पातळी उतरली, हवा आत गेली, आम्लता वाढली. हाडं जेलीसारखी मऊ झाली, लाकूड कागदासारखं चपटं. म्हणून निकी मिल्नर, शँटल कॉनेलर आणि बॅरी टेलर यांच्या चमूने २०१५ पर्यंत घाईने मोठं खोदकाम केलं. बाबांनी कुंपणाच्या तारेवर हात ठेवला होता. "मी शिकत होतो तेव्हा सगळे समजत होते, जमिनीत आहे म्हणजे सुरक्षित आहे," ते म्हणाले. वारा जोराचा होता. त्यांना आत जायचं नव्हतं, फोटो काढायचा नव्हता. वीस मिनिटं ते नुसते उभे राहिले. टॅक्सीवाला मीटर बंद करून खाली उतरला आणि त्यानेही विचारलं, "इथे नेमकं काय होतं?" बाबांनी तळं कुठपर्यंत होतं ते हाताने दाखवलं. तो म्हणाला, लहानपणापासून इथून जातोय, कुणी सांगितलंच नाही.

त्याने आम्हाला स्कारबरोला रोटुंडा म्युझियमच्या दारात सोडलं आणि परतीचे पैसे घेतले नाहीत.

दुपारी ऊन पडलं. किनाऱ्यावर बाकावर बसून हॅडक मासा आणि बटाटे खाल्ले. सोबतच्या वाटाण्याच्या लगद्यावर बाबांनी पिशवीतली लसणाची चटणी घातली आणि रगड्यासारखा संपवला. समोर नॉर्थ सी. स्टार कारच्या माणसांच्या वेळी हा समुद्र इथे नव्हता. जमीन होती, थेट डेन्मार्कपर्यंत, नद्या आणि पाणथळ असलेली. अभ्यासक तिला डॉगरलँड म्हणतात. बर्फ वितळत गेला तशी ती बुडत गेली, आणि सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळ घसरून आलेल्या त्सुनामीने तिच्या उरल्यासुरल्या भागालाही तडाखा दिला. १९३१ मध्ये 'कोलिंडा' नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात पीटचं ढेकूळ आलं, त्यात शिंगाचं काटेरी टोक होतं. भर समुद्रात. तेव्हा लोकांना पहिल्यांदा खात्री पटली की तिथे माणसं राहत होती.

ओहोटी होती. बाबा चपला काढून वाळूवर गेले आणि गोटे उचलून पाहू लागले. हिमनद्यांनी आणून टाकलेली चकमक या किनाऱ्यावर मिळते, स्टार कारची माणसंही ती इथल्याच मातीतून उचलत. बऱ्याच वेळाने त्यांना एक मिळाली, मुठीएवढी, राखाडी, पांढऱ्या सालीची. दुसऱ्या गोट्याने त्यांनी तिच्यावर हलकेच टकटक केलं, कानाशी नेलं. स्वच्छ आवाज आला, तडा नसलेल्या दगडाचा.

"वीसेक पाती निघतील," ते म्हणाले, आणि ती होती तिथेच ठेवून दिली.